आधी वजनकाटा, मग बोली

 

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. ब्रिटिशांच्या काळातली जुनी नाणी ऑनलाइन लिलावातून विकत घ्यायची आणि जमवायची. कुणी म्हणेल, हा तर पैसेवाल्यांचा शौक. तर तसं नाही. मी स्वतः गेली काही वर्षं मोबाईलवरून अशी नाणी घेते आणि महिन्याला पाचशे रुपयांच्या वर त्यात घालत नाही. पाचशेत काही बसलं नाही तर त्या महिन्यात घेत नाही, ते पैसे पुढच्या महिन्याला जोडते. दोन-तीन महिने थांबलं की एखादं चांगलं नाणं हाती लागतं.

पण तुमच्यापुढे हा विषय मांडायचं कारण वेगळं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या पेटीत, देवघरात, गाठोड्यात राणीछाप रुपये आहेत. सासूबाईंनी दिलेले, आईनं बांधून दिलेले. लक्ष्मीपूजनाला आपण ते बाहेर काढतो, हळद-कुंकू लावतो आणि परत बांधून ठेवतो. तांड्यांवर आणि पाड्यांवर तर रुपयांच्या माळा गळ्यात आहेत. ही बाईची स्वतःची दौलत. पण तिचं वजन किती, त्यात चांदी किती, हे बहुतेकींना कुणी सांगितलेलंच नाही. लिलावातून नाणी घेताना जे शिकावं लागतं, तेच ज्ञान घरातली नाणी राखायला कामी येतं. म्हणून आजचं बोलणं नाणी घेणाऱ्या बाईसाठी आहे, आणि ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांच्यासाठीही आहे.

सुरुवात रुपयापासून करू. १८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम. हे वजन ओळखीचं वाटतं का? तो जुना एक तोळा. एक रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, म्हणून सोनार तराजूत वजनाच्या जागी रुपयाच टाकायचे. आज सराफाकडे तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात, पण जुना तोळा त्याहून मोठा होता. आणि या रुपयात बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी, एक भाग तांबं. म्हणजे एका रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम चांदी.

आता नाण्यावरचा चेहरा बघा. राणी व्हिक्टोरिया ओळखू येते. १८७७ च्या आधी तिच्या नावापुढे ‘क्वीन’ म्हणजे राणी असं लिहिलेलं असे. १८७७ पासून ‘एम्प्रेस’, म्हणजे सम्राज्ञी. तिच्यानंतर सातवा एडवर्ड. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही, हीच त्याची खूण. मग दाढी आणि मुकुटवाला पंचम जॉर्ज, १९११ ते १९३६. शेवटी बिनदाढीचा, मुकुटवाला सहावा जॉर्ज.

एक साल मात्र पाठच करा, १९४०. त्या वर्षापासून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, चेहराही राजाचाच, पण चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. आणि १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया निकेलचा आहे. त्यात चांदी अजिबात नाही. तो चुंबकाला चिकटतो.

हे फक्त आपल्याकडेच झालं नाही. खुद्द इंग्लंडातही हेच झालं. तिथं १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड असा हिशेब होता. आपल्याकडे १२ पईचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया, तसाच. तिथल्या शिलिंगमध्ये हजारात ९२५ भाग चांदी असायची. १९२० पासून ती निम्मी झाली आणि १९४७ पासून शून्य. मग १५ फेब्रुवारी १९७१ ला त्यांनी शंभर पेन्सचा पौंड केला आणि जुना हिशेब संपला. त्यांची जुनी तांबूस पेनी रुपयाएवढीच मोठी असते, तिच्यावर ढाल आणि त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया नावाची बाई बसलेली आहे. दिसायला फार छान, आणि अगणित पाडलेली, म्हणून स्वस्त. नवशिकीनं सुरुवात अशाच नाण्यानं करावी. आपल्याकडचा भोकाचा पैसाही तसाच, १९४३ ते १९४७ चा. तोही स्वस्तात मिळतो.

इथं एक गैरसमज काढून टाकू. नाणं जितकं जुनं तितकं महाग, असं नसतं. किती नाणी पाडली आणि त्यातली किती उरली, यावर किंमत ठरते. १८६२ चा राणीचा रुपया दीडशेहून जास्त वर्षांचा आहे, पण तेच साल ठेवून पुढे बरीच वर्षं रुपये पाडले गेले. म्हणून तो ढिगानं सापडतो. उलट १९३९ चा रुपया वयानं लहान, पण फार थोडे उरले, म्हणून त्याला मोठी किंमत येते. आणि म्हणूनच खोटे १९३९ सगळ्यात जास्त फिरतात. दुसऱ्या सालाचा आकडा कोरून १९३९ केलेला असतो.

१९११ च्या रुपयाची गोष्ट तर मजेची आहे. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या झुलीवर एक हत्ती कोरलेला होता. पण तो इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली. सरकारनं नाणी परत घेतली आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरला. त्यामुळे १९११ चे रुपये थोडेच उरले.

आता लिलाव. बाजार समितीतला कांद्याचा लिलाव आपण पाहिलेला आहे. तिथं माल आपला आणि बोली व्यापाऱ्याची. ऑनलाइन लिलावात बोली आपली. नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो असतो, सुरुवातीची किंमत असते आणि वेळ ठरलेली असते. बऱ्याच ठिकाणी आपण आपली जास्तीत जास्त रक्कम आधीच भरून ठेवू शकतो. समजा मी ११०० भरले आणि दुसऱ्या कुणी ७०० पर्यंतच बोली लावली, तर मला ते नाणं सातशेच्या पुढच्या पायरीला मिळतं, सगळे ११०० जात नाहीत. काही ठिकाणी शेवटच्या मिनिटात बोली आली की वेळ आपोआप वाढतो. ही वेळ फार फसवी असते बरं का. समोरची बोली दिसते, जीव चढतो आणि हात आपोआप पुढचं बटण दाबतो. म्हणून माझा नियम असा, की आपली शेवटची रक्कम लिलाव सुरू होण्याआधी वहीत लिहायची. वहीतला आकडा संपला की मोबाईल उलटा ठेवायचा आणि भाकरी थापायला बसायचं.

तो आकडा काढायचा कसा? उलट्या बाजूनं. समजा माझ्याकडे सगळे मिळून १५०० रुपये आहेत. लिलाव करणारे बोलीच्या रकमेवर स्वतःचं कमिशन घेतात. धरून चाला शेकडा १५. मग टपालाचा खर्च, आणि कर. मी ११०० ची बोली लावली, तर कमिशन १६५, टपालाचे समजा १००, झाले १३६५. उरलेले १३५ करासाठी. म्हणजे पंधराशेवालीनं अकराशेच्या वर जायचं नाही. नाणं परदेशातून मागवलं तर जकात आणि जादा टपाल वेगळं. ज्या ठिकाणी कमिशन किती ते आधी सांगत नाहीत, नाण्याचं वजन लिहीत नाहीत, आणि खोटं निघालं तर परत घेणार का हे सांगत नाहीत, तिथं बोलीच लावू नये.

पार्सल आलं की उघडताना मोबाईलवर चित्रण करायचं. मग काटा काढायचा. खिशात मावणारा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा मिळतो. गटानं मिळून एक घेतला तरी पुरे. पहिली तपासणी वजनाची. चांदीचा रुपया ११.६६ भरायला हवा. झिजलेला असेल तर थोडा कमी, ११.४ वगैरे. ९ किंवा १० ग्रॅम भरला तर शंका घ्या. दुसरी तपासणी चुंबकाची. चांदी चुंबकाला चिकटत नाही. तिसरी कडेची. रुपयाच्या कडेवर बारीक उभ्या रेघा असतात. तिथं सांधा दिसला तर नाणं साच्यात ओतलेलं आहे, टाकसाळीत पाडलेलं नाही. चौथी आवाजाची. ‘खणखणीत नाणं’ आपण उगीच म्हणत नाही. पण दगडावर आपटू नका, कड मोडते. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी मारा.

पाचवी तपासणी पाण्याची, आणि ती सगळ्यात भरवशाची. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला पातळ दोरा बांधा, दोरा हातात धरून नाणं पाण्यात पूर्ण बुडवा. पण तळाला किंवा पेल्याच्या बाजूला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल, तो नाण्यानं किती जागा घेतली ते सांगतो. १९४० च्या आधीचा खरा रुपया १.१३ च्या आसपास दाखवेल. चांदी जड असते, म्हणून जागा कमी घेते. तेवढ्याच वजनाचा रुपया १.३० किंवा त्याहून जास्त दाखवत असेल, तर तो पितळेचा नाहीतर कुठल्यातरी मिश्र धातूचा, वर चांदीचा मुलामा. धनत्रयोदशीला बाजारात जे नवेकोरे राणीचे रुपये मिळतात, त्यांच्यावर हा प्रयोग करून बघाच.

आणि एक कळकळीची सूचना. जुनं नाणं चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, कशानंही घासू नका. आपला हात शिवशिवतो, मला माहीत आहे. काळं पडलेलं भांडं दिसलं की आपण घासणारच. पण जमवणाऱ्याला तो काळसर थर हवा असतो. घासलं की राणीच्या भुवया, केसांच्या बटा, मुकुटावरचे मोती पुसट होतात आणि किंमत चांदीच्या भावावर येते. कडी डाग देऊन बसवलेल्या नाण्याचंही तसंच. त्याची किंमत दागिन्याची, संग्राहकाची नाही. पण माळेतलं नाणं आजीनं गळ्यात घातलेलं असतं, त्याचं मोल वेगळं. ते कुणी तोडायला सांगितलं म्हणून तोडू नका.

आता सोन्याकडे. काही घरांत गिनी असते, म्हणजे इंग्लंडचं सॉव्हरिन नावाचं सोन्याचं नाणं. वजन ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. बऱ्याचशा सॉव्हरिनवर मागे घोड्यावर बसून अजगरासारख्या राक्षसाला मारणारा वीर असतो. हे नाणं १९१८ साली आपल्या मुंबईच्या टाकसाळीतही पाडलं गेलं. त्यावर सालाच्या वर जमिनीच्या रेघेवर इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर आहे. तुमच्याकडे गिनी असेल तर भिंगातून ते अक्षर शोधा. आणि कस लावण्यासाठी कुणालाही ती कापू देऊ नका. वजन करा, पाण्यात बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोबाईलवर जाहिराती येतात, ‘जुनं नाणं द्या, लाखो रुपये मिळवा.’ तुम्ही फोटो पाठवता. समोरचा गोड बोलतो, म्हणतो, ‘ताई, तुमचं नाणं पाच लाखांना ठरलं. फक्त नोंदणीचे अडीच हजार भरा.’ मग कराचे, मग प्रमाणपत्राचे. कधी रिझर्व्ह बँकेचं नाव आणि शिक्का असलेला कागदही पाठवतात. ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं जाहीर पत्रक काढून सांगितलं आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही, कमिशन किंवा शुल्क मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. तेव्हा साधी गोष्ट ध्यानात ठेवा, नाणं विकणारीला पैसे मिळतात, तिनं पैसे भरायचे नसतात. आणि पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. कुणी फसली असेल तर लाजू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकं बरं.

दुसरी फसवणूक तांब्याच्या नाण्याची. १८१८ साल, एका बाजूला हनुमान किंवा राम-सीता, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि अर्धा आणा. हे नाणं कंपनी सरकारनं कधीच पाडलेलं नाही. अशी नाणी मागाहून तयार झाली. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण लाखांची किंमत मोजू नका. त्याहून वाईट म्हणजे ‘तांदूळ ओढणारं चमत्कारी नाणं’. असं नाणं नसतं. त्या नादात जमिनी गहाण पडल्या आहेत. घरातला पुरुष त्या नादाला लागला तर मैत्रिणींनो, गप्प बसू नका. सरळ पोलिसांकडे जा.

कायद्याच्याही दोन गोष्टी. शेत नांगरताना, पाया खणताना पुरलेली नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन कलेक्टरांना कळवावं लागतं. गुपचूप वाटून घेतलं तर गुन्हा. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते आपण परदेशात पाठवू शकत नाही. परदेशी गिऱ्हाईक लाखो देतो म्हणाला, तरी नाही.

विकायचीच वेळ आली तर? वेळ कुणावरही येते, आजारपण येतं, मुलीची फी भरायची असते. तेव्हा सराफाच्या पायरीवर चढण्याआधी हिशेब करून जा. समजा चांदीचा भाव किलोला एक लाख आहे, म्हणजे ग्रॅमला शंभर. मग १९४० च्या आधीच्या रुपयात नुसती चांदीच १०६९ रुपयांची, आणि त्यानंतरच्यात ५८३ रुपयांची. भाव रोज बदलतो, त्या दिवशीचा भाव विचारून गुणाकार करायचा. मोडीत घेताना सराफ थोडी घट धरणार, ते रीतसर आहे. पण ‘जुना रुपया आहे, शंभर घ्या’ असं कुणी म्हणालं, तर नाणी पदरात बांधून उठा आणि दुसऱ्या दुकानात जा. आणि एखादं नाणं विरळ सालाचं वाटलं, तर मोडीत काढण्याआधी जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. मुंबईला फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. गटाची सहल काढायची असेल तर पोरींना घेऊन तिथं जरूर जा.

आमच्या गटानं गेल्या वर्षी एक काम केलं, ते तुम्हीही करा असं सांगते. महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं आपापली नाणी आणली. मध्ये काटा, पाण्याचा पेला आणि चुंबक. एकेकीचं नाणं तोलायचं, साल वाचायचं, दोन्ही बाजूंचा फोटो काढायचा आणि तिच्याच वहीत लिहायचं: साल, वजन, कुणी दिलं. ज्यांना इंग्रजी आकडे येत नव्हते त्यांना नातींनी वाचून दाखवले. एकीच्या बारा रुपयांतले तीन मुलाम्याचे निघाले. तिला वाईट वाटलं, पण उरलेले नऊ खरे आहेत हेही तिला त्याच दिवशी कळलं. दुसरीकडे सत्तर वर्षं गाठोड्यात असलेली माळ होती. ती तोलल्यावर कळलं की तिच्यात पाव किलोच्या वर चांदी आहे. तिनं ती विकली नाही. वहीत मात्र सुनेच्या आणि लेकीच्या, दोघींच्या नावानं अर्धी-अर्धी लिहून ठेवली.

ज्यांना नवीन नाणी जमवायची हौस वाटेल, त्यांनीही याच वहीत एक पान करावं. पेनीनं नाहीतर भोकाच्या पैशानं सुरुवात करा, गटाच्या कर्जाचा पैसा यात घालू नका, आणि हप्त्याच्या दिवशी बोली लावू नका. ज्या नाण्याचं वजन, धातू आणि साल आपल्याला कळतं, त्यावरच हात ठेवायचा.

येत्या बैठकीत वेळ काढा आणि पेट्या उघडा. काही विचारायचं असेल तर आपल्या केंद्रावर निरोप ठेवा, पुढच्या कार्यक्रमात उत्तर देईन. येते, नमस्कार.